आठव्या पडद्यावरचा लाल ठिपका

आज गिटारच्या तारा बदलताना बोटांना तो जुना लोखंडी वास लागला आणि मी थेट भोपाळमध्ये, कारखान्याच्या टाउनशिपमधल्या कम्युनिटी हॉलमध्ये जाऊन पोचले. गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. पेटीवर शेजारचे काका होते. ते कारखान्यात माल तपासायचे, नापास पार्टवर लाल ठिपका द्यायचे. मी कॅसेट मागेपुढे करून ब्लूज या अमेरिकन संगीताची स्केल, म्हणजे सुरावट, शिकले होते आणि दोन कडव्यांमधल्या सोलोत मध्यम आणि पंचम यांच्या मधला तो बोचरा सूर मुद्दाम घेत होते. काका दर वेळी नापसंतीने मान हलवायचे. दुसऱ्या दिवशी ते ड्यूटीवरून तालमीला आले ते लाल रंगाची डबी घेऊनच. माझ्या गिटारच्या तिसऱ्या तारेखाली, आठव्या पडद्यापाशी, म्हणजे फ्रेटपाशी, ठिपका देऊन म्हणाले, "बेटा, हा सूर रिजेक्ट. इथे बोट ठेवायचं नाही." सगळे हसले. तालीम बघायला आलेले माझे बाबाही हसले, आणि मला खरा राग आला तो त्याचाच. कार्यक्रमात सोलो आला तेव्हा मी नेमकं त्या ठिपक्यावर बोट दाबलं आणि उचललंच नाही. पेटी थांबली. तबला चालू राहिला. मग मी तार हळूहळू ताणत तो सूर पंचमापर्यंत नेला आणि सोडला. खाली उतरल्यावर काकांनी विचारलं, "घसरलं ना बोट?" मी म्हटलं, "नाही काका, तुम्हीच तर खूण करून दिली होती." तो ठिपका अजून आहे. झिजला की मीच नेलपॉलिशने पुन्हा लाल करते.