न सांगता जाणारे सेल

बहरीनला असताना मी हातात मावणारा एक रेडिओ स्कॅनर घेतला होता. विमानं, जहाजं आणि बंदर यांची आपापसातली बोलणी त्यावर ऐकू यायची, पण आपल्याला त्यात बोलता यायचं नाही. "म्हणजे घरात तुमचं जे काम तेच याचं," असं बायको म्हणाली. मी तेव्हा एसी दुरुस्त करणाऱ्या कंपनीत इलेक्ट्रिशियन होतो आणि विजेच्या बाबतीत कुणी शिकवलेलं मला खपत नसे.

स्कॅनरला सहा पेन्सिल सेल लागत. अल्कलाइन सेल वापरायचे आणि फेकून द्यायचे, ही मला शुद्ध उधळपट्टी वाटायची. म्हणून मी रिचार्जेबल सेलांचे दोन संच ठेवले होते, एक स्कॅनरमध्ये आणि एक चार्जरवर. अल्कलाइन उतरायला लागले की आवाज हळूहळू बारीक होतो. रिचार्जेबल मात्र शेवटच्या मिनिटापर्यंत ठणठणीत बोलतो आणि मध्येच मान टाकतो. मी या गुणाचं भरपूर कौतुक करत असे.

त्या ऑगस्टमध्ये बायकोच्या धाकट्या भावाचं पत्र आलं. तो मालवाहू जहाजावर अधिकारी होता. नारळी पौर्णिमेच्या सुमारास जहाज बहरीनला लागणार होतं, पण त्याला किनाऱ्यावर उतरायचा पास मिळणार नव्हता. "बंदराशी बोलायचं काम माझ्याकडे आहे. भावोजींच्या यंत्रावर ऐक," असं त्याने लिहिलं होतं. आमच्या लग्नानंतर तीन वर्षांत तिने त्याचा आवाज ऐकला नव्हता, कारण माहेरी फोनच नव्हता. ते पत्र घडीवर फाटेपर्यंत तिने वाचलं. राखीही आणून ठेवली, बांधणार कुठे ते माहीत नसताना.

आम्ही हिद्दला एका घराच्या वरच्या मजल्यावर राहत होतो आणि गच्चीवरून समुद्र दिसायचा. चार दिवस स्कॅनर बंदराच्या चॅनलवर लावलेला होता. स्वयंपाकघर, गच्ची, जाईल तिथे ती तो बरोबर नेई. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तर चार्जरचं बटण दाबायचंच राहिलेलं, स्कॅनरमधला संचही संपलेला, आणि दुरुस्तीसाठी गल्लीची वीज संध्याकाळपर्यंत बंद. जहाज संध्याकाळी येणार हे आदल्या रात्री बंदराच्या बोलण्यातून कळलं होतं, आणि मला सहाच्या शिफ्टला जायचं होतं. मग मी जे केलं ते आजवर कुठल्या इलेक्ट्रिशियनला सांगितलेलं नाही. कोकणात आमच्या घरी बॅटरीचे उतरलेले सेल खळ्यात उन्हाला ठेवत. दिवसभर तापले की ते आणखी दोन रात्री बऱ्यापैकी पेटत. हात त्याच सवयीने चालले. मी रिचार्जेबल सेल गच्चीच्या कठड्यावर ओळीने मांडले, तेही बहरीनच्या ऑगस्टमध्ये, जिथे चप्पल फरशीला चिकटते. "ताजे होतील," असं बायकोला सांगून मी कामावर गेलो.

चार वाजता परत आलो आणि ते सेल फडक्यात धरून गच्चीवरच स्कॅनरमध्ये बसवले. स्कॅनर सुरू झाला. "बघ," मी म्हटलं. अर्ध्या तासाने एक तरुण आवाज बंदराला हाक मारू लागला.

"तोच आहे," ती म्हणाली. "अहो, इंग्रजी बोलतोय." घरी पाहुण्यांसमोर तोंड न उघडणारा तिचा भाऊ जहाजाचं नाव, माल, माणसं असं एकेक धीटपणे सांगत होता. आणि वाक्याच्या मध्येच स्कॅनर बंद पडला.

मी तो थोपटला, आपटला, चार्जरला शिव्या घातल्या, उन्हाला घातल्या. ती खाली गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती वर आली ती कोपरापर्यंत पिठाने माखलेल्या हाताने, आणि त्या हातात अल्कलाइन सेलांचं न फोडलेलं पाकीट होतं.

"परवाच कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून आणून पिठाच्या डब्यात लपवले होते. भावाला तुमच्या सेलांच्या भरवशावर सोडणार होते होय मी?"

सेल बसवले तर बंदरातला माणूस म्हणत होता, "से अगेन, सर, से अगेन." देव त्याचं भलं करो. मेहुण्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "गुड इव्हनिंग टू एव्हरीबडी लिसनिंग." बंदरातल्या माणसाला ते आपल्यालाच वाटलं. "शुक्रन," त्याने अरबीत आभार मानले. बायको हसत होती आणि डोळे पुसत होती, त्यामुळे पीठ गालभर झालं. मग तिने राखी स्कॅनरच्या अँटेनाला बांधली. पुढचे दोन दिवस, इस्त्रीही उन्हात ठेवू का, असं ती मला विचारत राहिली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जहाज निघणार होतं. दोन्ही संच नीट चार्ज करून मी खिशात घेऊन गच्चीवर गेलो. अल्कलाइन उतरत आले होते.

"बदलू या," मी म्हटलं.

"नको. हे सांगून जातात," ती म्हणाली. "न सांगता जाणारे मला नकोत."

मेहुण्याने बंदराचा निरोप घेतला तेव्हा त्याचा आवाज अगदी बारीक येत होता. तिने स्कॅनर कानाला घट्ट धरला होता. आवाज थांबल्यावर तिने तो तोंडाशी आणला आणि म्हणाली, "ये रे, सावकाश."

यातून बोलता येत नाही, हे मी तिला शंभर वेळा सांगितलं होतं. त्या संध्याकाळी नाही सांगितलं.