आराम आहे

९ जानेवारी. सकाळी शिकवणीच्या रबरी पुतळ्याच्या घशाला जेली लावत होते. आयसीयूत नवे डॉक्टर आले की त्यांना श्वासनळीत ट्यूब घालायला शिकवण्याचं काम माझ्याकडे असतं. चौघं भोवती उभी होती. एकाने नको तेवढा जोर लावला. पुतळ्याचा दात कट्कन वाजला.

"गेला पेशंट," मी म्हटलं. "आणि जाताना दातही तुझ्याकडे ठेवून गेला."

सगळे हसले. त्यांच्यातल्या एका मुलीचा हात फार चांगला होता. पहिल्याच खेपेला ट्यूब जागच्या जागी. नाशिक शहरात, गंगापूर रोडला वाढलेली, इंग्रजी शाळेतली, कामसू. सात नंबरचा पेशंट मी तिच्याकडे दिला होता.

सात नंबरला दिंडोरीकडचे एक झेंडू पिकवणारे गृहस्थ होते. न्यूमोनियाने दोन्ही फुप्फुसं निकामी होत आली होती. रात्री ते ट्यूबशी झगडत होते, तेव्हा या डॉक्टर मुलीने झोपेचं औषध वाढवून त्यांना शांत केलं. बरोबर केलं. पण राउंडला पाहिलं तर व्हेंटिलेटर पूर्ण ताकदीवर असूनही ऑक्सिजन टिकत नव्हता. आजचा दिवस निघेल असं वाटेना. त्यांच्या बायकोला आत बोलवायचं, नीट सांगायचं आणि त्यांच्याजवळ बसवायचं, असं ठरवून मी बाहेर आले. माझ्याच वयाची बाई. नवऱ्याला आणल्यापासून ती दाराबाहेरच्या बाकावरून हलली नव्हती.

बाकावर कोणी नव्हतं.

"वणीला, देवीच्या गडावर गेल्यात, मॅडम," मुलगी म्हणाली. "दिरासोबत. नवस फेडायला. मी सकाळी सांगितलं ना त्यांना, आता आराम आहे म्हणून. पायाच पडायला लागल्या माझ्या."

"आराम आहे, असंच म्हणालीस?"

"हो. रात्री केवढे तडफडत होते. आता शांत झोपलेत."

तिच्या घरी आराम म्हणजे दुपारी आडवं होणं. दिंडोरीकडे माणूस दुखण्यातून उठला की म्हणतात, आराम पडला. डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर येऊन आराम आहे म्हणाली, म्हणजे नवरा वाचला.

मी फोन लावला.

"म्याडम, गडावर पोचलो बघा! ओटी भरते आन् आलेच. त्या पोरीला परसाद आणते. लय गुणाची हाय."

"ताई, दर्शन राहू द्या. तशाच मागे फिरा."

"आसं कसं? आराम हाय ना त्यांना?"

"नाही. औषधाने झोपवलंय. दुखणं वाढलंय. तुम्ही आज त्यांच्याजवळ असायला हवं."

मागे देवळातल्या घंटा ऐकू येत होत्या. मग दिराने फोन घेतला आणि गाडी काढतो म्हणाला.

आमच्या हातात होतं ते सगळं केलं. मुलगी पलंगापासून हलली नाही. दोनदा तिने विचारलं, "त्या येईपर्यंत टिकतील ना?" मी म्हटलं, "माहीत नाही. प्रेशरकडे बघ."

दुपारी त्यांचं हृदय थांबलं. तिने छाती दाबायला सुरुवात केली आणि दाबतच राहिली. शेवटी मला तिचे हात धरून थांबवावं लागलं.

बाई आली तेव्हा साडी-नारळाची पिशवी हातात तशीच होती. पलंगाकडे पाहिलं, मग मुलीकडे. आवाज चढवला नाही.

"पोरी, तू तर म्हनली व्हती, आराम हाय."

"चुकलं माझं, मावशी. मला झोपलेत असं म्हणायचं होतं."

"मंग झोपलेत म्हनायचं. मी गेले नसते."

तिने नवऱ्याचा हात हातात घेतला. आम्ही पडदा ओढून बाहेर आलो.

संध्याकाळी मुलगी माझ्या खोलीत आली. "मॅडम, मला आयसीयू जमणार नाही."

समजूत घालणं मला येत नाही. आणि चूक लहान होती असं खोटं सांगायचंही नव्हतं. मी म्हटलं, "उद्या राउंडच्या आधी ये."

१० जानेवारी. सकाळी ती आली. डोळे सुजलेले होते. मी तिला घेऊन बाहेर बाकापाशी गेले. तीन नंबरच्या पेशंटचा मुलगा, निफाडचा, तिथे बसला होता. त्याच्या वडिलांबद्दल तिलाच सांगायला लावलं. तिचं सांगून झाल्यावर मी त्याला विचारलं, "डॉक्टर काय म्हणाल्या, ते तुमच्या शब्दांत सांगा बरं."

त्याने सांगितलं. अर्धं चुकीचं सांगितलं. मी तिला त्याच्या शेजारी बसायला लावलं आणि पुन्हा सांग म्हटलं.