गेरूचा मंगळ

बाळांनो, तुमच्या शाळेत मंगळ शिकवायला घेतलाय, असं काल फोनवर म्हणालात, म्हणून हे आजच लिहिते. माझा राग अजून गेलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात अनसिंगजवळच्या आपल्या गावातल्या शाळेत मी मुलांना ग्रह शिकवायला जायचे. मंगळाची माती लाल, कारण तिच्यातलं लोखंड गंजलेलं. आपल्या गेरूचंही तेच, हे सांगून मी शाळेच्या भिंतीवर मुलांकडून गेरूनेच मंगळ काढून घेतला. सर्वांत मन लावून रंगवला तो दहा वर्षांच्या एका मुलीने.

"आजी, हा तं गेरूवानीच हाय. मंग मले त्याचं भेव काहून दाखवतात?" तिने विचारलं. तिच्या पत्रिकेत मंगळ आहे, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा आले. "बाई, काय करून राह्यल्या तुमी? पोरगी आधीच मंगळाची! उद्या पाहुणे येतीन काय तिले पाह्यले?"

"दहा वर्षांच्या पोरीला पाहुणे कशाला हवेत?"

"तुमचं बरं हाय. तुमच्या नाती विलायतेत!"

आजोबांच्या तक्रारीवरून मुख्याध्यापकांनी मुकाट्याने भिंतीला चुना मारून घेतला. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने! कोट्यवधी मैलांवरचा दगडमातीचा गोळा एका पोरीच्या लग्नाआड कसा येतो, हे मला कुणीही सांगितलं नाही.

चुन्याचे दोन हात झालेत. गेरू तरी वर येतोच. भिंतीवर फिकट लाल गोल अजून दिसतो, आणि ती मुलगी तो लहान पोरांना दाखवते.