चांदणीच्या मधोमध

आमच्या घरी नाताळची चांदणी एका दिवसात कधीच होत नसे. नाताळाआधीच्या चार रविवारी आई तिच्या एका टोकाला लाल पतंगी कागद लावायची आणि शेवटचं टोक नाताळच्या आदल्या संध्याकाळी. मगच आत दिवा. वर्षातला माझा सगळ्यात आवडता काळ तोच.

दुष्काळाच्या साली वडवणीकडचं गाव सोडून आम्ही ऊसतोडीला गेलतो. तिथंही, साखर कारखान्याजवळच्या पाचटाच्या कोपीवर, म्हणजे आमच्या झोपडीवर, आईनं बांबूच्या कामट्यांची चांदणी बांधली. दिवसभर ऊस तोडून यायची आणि कागद लावताना गुणगुणायची.

दोन टोकं झाली आणि मुकादमानं चांदणी काढून नेली. कारखाना म्हणे सहकारी, पण चेअरमनचा वाढदिवस सक्तीचा.

"गेटवर लावायची हाय, लई शोभंल," एवढंच म्हणाला. आईला विचारलंसुद्धा नाही. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

वाढदिवस उरकल्यावर आईच जाऊन ती घेऊन आली. मधोमध चेअरमनचा छापील फोटो डिंकानं चिकटवलेला. काढायला गेलं की कामट्या मोडत होत्या.

"कावून आणली मग?" मी आईवर ओरडले.

ती रविवार येतील तशी उरलेली टोकं लावत गेली आणि शेवटी त्या फोटोवरही लाल कागद लावला.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आत दिवा पेटवला. येशूच्या जन्माची गाणी म्हणायला आम्ही हात जोडून खाली उभे राहिलो, आणि वर लाल कागदातून चेअरमन आमच्याकडं बघून हसत होता.