चांगला पाय आधी

इथे बहारीनला, गुदैबियात आमच्या वरच्या मजल्यावर एक जपानी बाई राहते. तिकडे ती नाटक-सिनेमात होती. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आली आणि काम सुटलं. वॉचमनलाही कमरेत वाकून नमस्कार करते.

परवा लिफ्ट बंद होती, म्हणून मी माझा दुखरा पाय ओढत जिना चढत होते, तर ही माझ्यामागे लंगडत आली. मी खवळले, "मेरी नकल करती है क्या?"

ती वाकून मोडक्या हिंदीत म्हणाली, "आजी, बुढिया का रोल. आज व्हिडिओ भेजना है. पांच साल बाद चान्स."

पण चढताना लंगडा पाय आधी टाकत होती. म्हटलं, "ऐसे नहीं. अच्छा पैर पहले." चार वेळा चढवली तिला.

शेवटी खाली उतरताना मात्र तिने लंगडा पाय आधी टाकला. उतरताना तसंच करायचं असतं, पण ते मी शिकवलं नव्हतं. माझं उतरणं बघून उचललं होतं. बाईला काम मिळणार.