एक टोपली माती

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून निघालो तेव्हा मित्रांनी विचारले होते, "त्या रानात काय काढणार चित्र? वाघाची शेपटी?" मी शाळेतला चित्रकलेचा मास्तर, सौंदर्य कशाला म्हणावे हे मला पाठ होते. गोंदियाला छोट्या लाईनची गाडी धरून अर्जुनीला उतरलो आणि केशोरीच्या अलीकडल्या एका गावी बैलगाडीने पोहोचलो. वाटेत हाडे खिळखिळी झाली, पण पाळीवर (तलावाच्या बांधावर) चढलो आणि सगळे विसरलो.

केवढा तो तलाव! पलीकडे साजाचे (ऐनाचे) रान, पाण्यात कमळे, अलीकडे पायरीपायरीने उतरत गेलेल्या बांध्या (धानाची खाचरे). मी टोपी काढून उभाच राहिलो. लगेच चित्र काढायला बसलो. पाळ मात्र ओबडधोबड, जागोजागी उंचवटे आलेली. चित्रात मी ती सरळ, नीटस करून टाकली.

ज्यांच्याकडे उतरलो होतो ते गोविंदा पाटील जातीने कोहळी. याच लोकांच्या पूर्वजांनी हे तलाव बांधले. जेवायला भात आणि लाखोरीच्या डाळीचे वरण होते. मी ताव मारला, पाटील मात्र जेमतेम चार घास जेवले. हस्त नक्षत्र कोरडे गेले होते, चित्रा नक्षत्रही कोरडे, आणि धान ऐन निसवणीत (लोंब्या बाहेर पडण्याच्या वेळेला). पाटलांची बांधी पाळीला अगदी लागून, तरी तिला भेगा पडलेल्या.

"पाणी तर दारातून चाललंय. तुम्हीच का घेत नाही?" मी विचारले.

"आमचा नंबर आखरी जी," पाटील म्हणाले. "पानी कमी असलं का पयले शेवटच्या बांधीले. ते सगुणाबाईची, रांडमुंड बाई हाय. जो पाळीजवळ, तो सर्वाच्या मागून."

"असं काऊन?" मी त्यांचीच बोली वापरून पाहिली.

ते हसले. "पाळीजवळच्याचा हात लय खाजवते, म्हनून."

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेलो. पाट वाहत होता आणि काठावरच पाटलांचे धान पिवळे पडत होते. मला राहवले नाही. बांधीच्या तोंडाशी लावलेले ढेकूळ मी बुटाने बाजूला सारले. पाणी आत शिरले, भेगांतून बुडबुडे निघाले. आपण मोठे पुण्य केले अशा थाटात मी घरी येऊन चहा प्यालो.

दुपारी पाणकर (पाटाचे पाणी वाटणारा) दारात उभा. सगुणाबाईच्या बांधीत पाणी पोहोचलेच नव्हते. तो पाटाच्या काठाने माग काढत वर आला होता आणि माग पाटलांच्या बांधीत संपला होता.

"पाटील, तुमच्याच बांधीत पानी? कायले असं केलं जी?"

पाटलांचा चेहरा उतरला. मी धडपडत पुढे झालो. "चूक माझी आहे. यांना ठाऊकही नाही."

"पावना आमच्या घरी जेवते," पाटील शांतपणे म्हणाले. "चूक घराची."

त्यांनी कुदळ घेतली आणि आपल्याच तहानलेल्या बांधीचा धुरा (बांध) फोडून होते नव्हते ते पाणी पाटात परत सोडले. मला बघवेना. मग घरात जेवणारी जितकी तोंडे तितक्या टोपल्या माती पाळीवर टाकायची, असा रिवाज. पाटील, त्यांची बायको, दोघे मुलगे, दोघी सुना आणि मी. माझी टोपली मी डोक्यावर घेतली. मान लटपटत होती, माती कॉलरमध्ये जात होती. खाली सगुणाबाई उभी होती. ती हसली नाही की रागावलीही नाही, तिने फक्त मला चढायला वाट दिली.

माती ओतल्यावर मी म्हणालो, "पाटील, तुमची मान माझ्यामुळे खाली गेली."

"खाली कायले? ते पाहा." त्यांनी पाळीवरच्या एका उंचवट्याकडे बोट केले. "ते माझ्या आजाची माती. पानी चोरलं होतं त्यानं. अन तिकडे पाणकराच्या बापाची. ही पाळ पुन्याईनं नाई उंच झाली जी. आमच्या चुकाईनं झाली."

मी पाहतच राहिलो. मैलभर पसरलेले ते पाणी, ती कमळे, ते हिरवे धान, सारे या उंचवट्यांनी धरून ठेवले होते. माणूस घसरणार हे जुन्यांना पक्के माहीत होते. त्यांनी त्याला हाकलले नाही, त्याच्या डोक्यावर टोपली दिली. माझे डोळे भरून आले.

निघालो तेव्हा पाण्यासाठी पाटलांचा नंबर यायला अजून तीन दिवस होते आणि तलाव खाली चालला होता. पुण्यात महिनाभराने त्यांचे कार्ड आले: पाणी पोचले, अर्धे धान हाती लागले, अर्धे जळाले.

ते अर्धे माझ्या मनातून जात नाही. मी नवे चित्र काढले आणि शाळेत लावले. पोरे विचारतात, "मास्तर, ही रेघ अशी वाकडीतिकडी का?" मी एका लहानशा उंचवट्यावर बोट ठेवतो आणि सांगतो, "ही माझी."