कासवाला वारा

डोंबिवलीत शर्ट अंगाला चिकटतो आणि माझ्या कासवाच्या पेटीत मात्र दमटपणा टिकत नाही, म्हणजे कमालच! पिल्लू आफ्रिकी जातीचं, रीतसर नोंदणी केलेलं, तळहातावर मावेल एवढं. कोरड्या हवेत त्याची पाठ वेडीवाकडी वाढते, म्हणून काचेच्या पेटीत मी नारळाचा भुसा ओला करून अंथरला आणि आंबिवलीच्या नर्सरीतून आणलेलं जास्वंदीचं रोप आणि घोळ लावली. सकाळी भरपूर पाणी फवारून ठाण्याला ऑफिसला जायचे. संध्याकाळी बघावं तर भुसा कोरडा, घोळ माना टाकून बसलेली.

नर्सरीवाल्याला फोनवर झापलं. शेवटी एक दिवस सुट्टी टाकून घरीच थांबले. दुपारी जेवण झाल्यावर बाबांनी पेटीचं झाकण काढलं, टेबलफॅन समोर ठेवला आणि फुल्ल सोडला.

"बाबा, हे काय करताय?"

"अगं, किती उकडत असेल त्याला आत! या हवेत जन्म काढलाय मी, मला नको सांगूस."

मी नको तेवढी चिडले. त्याला दमटच लागतं, हे तीनदा ओरडून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी घरी आले तर झाकण बंद, पानांवर थेंब, पिल्लू घोळीखाली गाढ झोपलेलं. शेजारी बाबा उघड्या अंगाने, घामाने निथळत पेपर वाचत होते. हॉलमधला छताचा पंखासुद्धा बंद होता. मी बटणाकडे हात नेला, तर हळूच म्हणाले, "राहू दे गं. त्याला वारा लागेल."